व्हायरल तापानंतरचे पंधरा दिवस आणि उडालेले २३ एलईडी बल्ब: कामाच्या नोंदी

१२ सप्टेंबर

ताप उतरून चार दिवस झाले, पण अंगात त्राण नाही. डॉक्टरांनी शेतात जायला अजून दोन आठवडे मना केलंय. मोबाईल पाहिला की अर्ध्या तासात डोकं जड होतं. बसल्या जागी होईल असं काम हवं होतं. ते शोधताना तीन अटी ठेवल्या: एक नग वीस-पंचवीस मिनिटांत संपावा, मध्येच सोडून बाजेवर आडवं होता यावं, आणि दुसऱ्या दिवशी काम सोडलं तिथूनच हाती लागावं. सायकल खोलणं, पंप खोलणं यात बसत नाही. अर्धवट खोललेला पंप ओसरीत पडला की घरच्यांचे बोल खावे लागतात, ते वेगळंच.

उडालेले एलईडी बल्ब बरोबर बसतात. घरात ९ निघाले, शेजारपाजारच्या घरांतून १४ आले. एकूण २३. सगळे ७ ते १२ वॉटचे, पिनच्या टोपीचे.

आजचं काम एवढंच: प्रत्येकावर कागदी चिकटपट्टी लावून नंबर टाकला, आणि कुठे लागला होता ते विचारून वहीत लिहिलं (ओसरी, गोठा, न्हाणी, टिनाखालची खोली). ही माहिती पुढे कामी आली. नंबर टाकला नसता तर तिसऱ्या दिवशी कोणतं झाकण कोणत्या बल्बचं हेच कळलं नसतं. वेळ अर्धा तास.

१३ सप्टेंबर

पहिलं काम वॉरंटी पाहणं. बऱ्याच बल्बांच्या मानेवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. दोन बल्ब वॉरंटीत निघाले आणि त्यांची बिलंही सापडली. ते खोलायचे नाहीत. झाकण निघालं की दुकानदार हात लावत नाही. हे दोन बाजूला, उरले २१.

मग प्रकार लावले. झाकणाआड पांढरी गोल ॲल्युमिनियमची प्लेट असते, तिच्यावर पिवळे चौकोनी दाणे म्हणजे एलईडी. दोन तऱ्हा असतात. पहिल्यात प्लेटवर फक्त दाणे असतात आणि लाल-काळ्या दोन तारा खाली जातात. ड्रायव्हरची, म्हणजे दाण्यांना करंट पुरवणारी छोटी सर्किट मानेत लपलेली असते. दुसऱ्यात ब्रिज (एसीचं डीसी करणारा), आयसी (करंट सांभाळणारी चिप), रेझिस्टर सगळं त्याच प्लेटवर दाण्यांच्या शेजारी बसवलेलं असतं. दुकानदार याला ‘डीओबी’ (ड्रायव्हर ऑन बोर्ड) म्हणतात. स्वस्तातले बहुतेक बल्ब याच जातीचे. झाकण न काढता ओळखायचं तर वजन करून पाहा. ड्रायव्हरवाला जड लागतो. नेहमीच खरं ठरत नाही; माझे दोन अंदाज चुकले.

आपली वाटणी: ड्रायव्हरवाले १२, डीओबी ९.

तालुक्याहून मागवलेलं सामान: २५ वॉटची सोल्डरिंग गन २२० रुपये, सोल्डर तार (६०-४०, शिसेवाली) १२०, सोल्डर पेस्ट ३०, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ९०, होल्डर दोन ५०, ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब २०, नऊ व्होल्टचे ‘२८३५’ मापाचे दाणे पन्नास नग १०० रुपये, सिलिकॉनची ट्यूब ९०. एकूण ७२०. मल्टिमीटर, चिमटा, वायर आणि दोन-चार रेझिस्टर घरी होतेच.

शेजारचे काकाजी ओसरीत येऊन बसले. म्हणाले, “अंशी रुपयात नवा भेटते, कायले डोये फोडतं?” हिशेब शेवटी लिहितो.

१४ सप्टेंबर

झाकणं काढणं. दिसतं सोपं, पण तीन फुटली.

झाकण मानेला सिलिकॉननं चिकटवलेलं असतं. नवख्या माणसाचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो आणि तो एका जागी खुपसून उचकटतो. पहिली तीन अशीच गेली. जुनं प्लास्टिक उन्हाउष्णतेनं कडक झालेलं असतं, एका जागी जोर आला की काचेसारखं तडकतं. चौथ्यापासून पद्धत बदलली. भाजीच्या पातळ सुरीचं टोक सांध्यात फक्त दोन मिलिमीटर घालायचं आणि बल्ब फिरवत पूर्ण गोल कापत न्यायचं. दोन फेऱ्या झाल्या की झाकण दोन्ही तळहातांत दाबून पिळायचं. ‘टक्’ आवाज आला की निघालं. एका बल्बला चार ते पाच मिनिटं लागतात. सुरीची धार स्वतःकडे धरू नये. अशक्त हात घसरतो, आणि घसरला की अंगठ्यावर येतो.

फुटलेल्या तीन झाकणांचा नाद सोडला. बिनझाकणाचा बल्ब होल्डरमध्ये लावायचा नाही म्हणजे नाही. आतलं सगळं सर्किट थेट लाईनला जोडलेलं असतं, मध्ये ट्रान्सफॉर्मरची आड नसते. दाण्याला बोट लागलं तरी झटका बसतो. भंगारात जाणाऱ्या बल्बांची झाकणं मापाला जुळली तर ती लावू.

दोन तासांत २१ पैकी १६ उघडले. मान आखडली, थांबलो.

१५ सप्टेंबर

उरलेले पाच उघडले. नंतर दोन साधनं बनवली.

पहिलं, सीरिज बोर्ड. लाकडी पाटीवर दोन होल्डर. फेजची वायर आधी ६० वॉटच्या पिवळ्या बल्बमधून जाते, मग तपासायच्या बल्बमध्ये, तिथून न्यूट्रल. तपासायचा बल्ब आतून शॉर्ट असेल तर पिवळा बल्ब पूर्ण पेटतो आणि घरचा फ्यूज वाचतो. सगळं ठीक असेल तर एलईडी लागतो आणि पिवळ्याची तार लालही होत नाही. दोन्ही बंद राहिले तर सर्किट कुठेतरी तुटलेलं आहे. साधन सत्तर रुपयांचं आहे, पण याच्याशिवाय उघडा बल्ब लाईनवर लावू नका.

दुसरं, दाणे तपासायचं बॅटरीचं साधन. मल्टिमीटर डायोडवर ठेवून दाणा तपासायचा सल्ला सगळे देतात, पण तो फक्त ३ व्होल्टच्या दाण्याला लागू पडतो. हल्लीच्या बल्बांत एकेका दाण्यात दोन, तीन, सहा चिप आत जोडलेल्या असतात, म्हणजे दाणा ६, ९ किंवा १८ व्होल्टचा. मीटर एवढा दाब देत नाही, दाणा चांगला असूनही अंधार. म्हणून नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडायच्या, एका टोकाला १ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर आणि दोन सुया.

इथं कंजूषी केली आणि अर्धी दुपार गेली. तीनऐवजी दोनच बॅटऱ्या लावल्या, त्यातली एक मीटरमधून काढलेली जुनी. ड्रायव्हरवाल्या प्लेटा ठीक तपासल्या गेल्या. डीओबी मात्र एकामागून एक ‘मेल्या’. पाच प्लेटांवर फुल्या मारून झाल्या. सहाव्या प्लेटचे सगळे चौदा दाणे मेलेले दिसले तेव्हा शंका आली. चौदाच्या चौदा दाणे एकदम कधी मरत नाहीत. बॅटरीजोडीचा दाब मोजला: साडेपंधरा व्होल्ट. दाणे १८ व्होल्टचे, पेटणार कसे? तिन्ही नव्या बॅटऱ्या लावल्या, २७ व्होल्ट झाले आणि चौदापैकी तेरा लख्ख पेटले. फुल्या खोडल्या.

२७ व्होल्ट आणि १ किलोओहम या जोडीचा फायदा असा की ३ व्होल्टच्या दाण्याला २४ मिलिअँपिअर जातात आणि १८ च्याला ९. दोन्ही पेटतात, दोन्हींना धोका नाही. आणि हे काम बाजेवर तक्क्याला टेकून, लाईन गेलेली असतानाही होतं.

१६ सप्टेंबर

संध्याकाळी पुन्हा कणकण. काम बंद. स्वतःपुरता नियम असा लिहून ठेवतो: चक्कर, कणकण किंवा हातात कंप असेल त्या दिवशी सीरिज बोर्डला आणि सोल्डरिंग गनला हात लावायचा नाही. बॅटरीचं तपासणं चालतं, तेही निजूनच.

१७ सप्टेंबर

२१ प्लेटा तपासून झाल्या. सुया दाण्याच्या दोन टोकांना लावायच्या, पेटला नाही तर सुया उलट करून पुन्हा लावायच्या. तरीही अंधार राहिला तरच तो मेला. प्लेटवर पेनानं खूण करायची.

ड्रायव्हरवाल्या बारांत आठ प्लेटांवर मेलेला दाणा सापडला: सातांवर एकेक, एकीवर दोन. चार प्लेटा निर्दोष, म्हणजे दुखणं ड्रायव्हरमध्ये किंवा वायरीत. डीओबीच्या नऊंत पाच प्लेटांवर एकेक दाणा मेलेला. उरलेल्या चारांचे दाणे ठणठणीत.

दाणे सगळे एका ओळीत, सीरिजमध्ये असतात. एक तुटला की पूर्ण बल्ब अंधार. तेरा बल्ब एकेका-दोन-दोन दाण्यांपायी टोपल्यात पडले होते. मेलेल्या दाण्याच्या पिवळ्या मलमावर मध्ये काळा ठिपका दिसतो असं म्हणतात. तेरा प्लेटांपैकी नऊंवर ठिपका दिसला, चारांवर काहीच नाही. डोळ्यांवर विसंबू नका, सुई लावा.

पहिल्या दिवशीची वही उघडली. या तेरांपैकी आठ टिनाखालच्या खोल्यांतले, एक बंद काचेच्या डोममधला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खाली एक वीत अंतरावर, टोपी वर करून लटकलेल्या बल्बच्या मानेत किती तापत असेल याचा अंदाज करा. दाण्यांना उष्णता खाते. दोष दरवेळी ‘व्होल्टेज’वर ढकलायचा ही सवयच आहे आपली. व्होल्टेजनं उडालेले कसे दिसतात ते पुढे येतं.

१८ सप्टेंबर

मेलेला दाणा काढायला बसलो. दीड तासात निष्पन्न शून्य, वर एक प्लेट वाया.

२५ वॉटची गन दाण्याच्या पायाला लावली की सोल्डर वितळतच नाही. प्लेट ॲल्युमिनियमची आहे, ती दाण्याची उष्णता ओढून घ्यायलाच बनवलेली असते. गनची उष्णताही तशीच ओढते. जोर लावून घासलं, दाणा तिरपा झाला आणि प्लेटवरचा तांब्याचा पॅड सोलून वर आला. डीओबी नंबर ११, कायमचा गेला. गन या कामाची नाही. तारा काढायला, ड्रायव्हरवर काम करायला ठीक.

सोल्डर पेस्टचा धूर नाकात गेला आणि खोकल्याची उबळ आली. तापातून उठलेल्या माणसाला हा धूर चांगलाच झोंबतो. खिडकीपाशी बसायचं, टेबल फॅन पाठीमागून असा लावायचा की धूर बाहेर जाईल. काम झालं की हात साबणानं धुवायचे, तारेत शिसं आहे.

१९ सप्टेंबर

प्लेटच खालून तापवायची हे कळलं. गॅसवर जुना तवा ठेवला, त्यावर प्लेट. पहिली प्लेट दीड मिनिटात तयार झाली, दाणा अलगद उचलला गेला. हुरूप आला आणि घाई झाली. दुसरी ठेवली, नवा दाणा चिमट्यात धरेपर्यंत प्लेटचा पांढरा रंग तपकिरी झाला आणि कडेचे दाणे भाजून काळे पडले. तिसरीचं तेच. ज्वाला मधोमध, तवा मध्ये लाल आणि कडेला थंड, उष्णतेवर ताबाच नाही. त्यात कापऱ्या हातानं दाणा पकडायला वेळ लागतो, तेवढ्यात प्लेट शिजते.

ड्रायव्हरवाल्या दोन प्लेटा गेल्या. ड्रायव्हर मात्र शाबूत आहेत, फेकले नाहीत. तवा आता भाकरीला चालणार नाही हे घरी सांगावं लागलं.

२० सप्टेंबर

इस्त्रीनं काम केलं. आजची नोंद लांब आहे, कारण गोष्ट इथंच जमते.

बिनवाफेची जुनी इस्त्री उलटी करून दोन विटांमध्ये अशी घट्ट बसवली की तळ वर आणि सपाट राहील. हलत असेल तर विटेच्या बाजूला फडकं कोंबा, पण ते तळाला लागू देऊ नका. बटण ‘कॉटन’वर. पाच मिनिटं तापू द्यायची. दिवा विझला की तापमान गाठलं. कॉटनवर तळ साधारण दोनशे अंशांच्या आसपास जातो. शिसेवालं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं, त्यामुळे ते सहज विरघळतं. कारखान्यातून येणारं बिनशिशाचं सोल्डर २१७ च्या पुढे वितळतं, तिथं ही इस्त्री कमी पडते. तोडगा: प्लेट इस्त्रीवर असतानाच मेलेल्या दाण्याच्या दोन्ही पायांना गननं थोडं आपलं शिसेवालं सोल्डर चढवायचं. दोन्ही मिसळले की वितळण्याचा अंश खाली येतो. खालून इस्त्री, वरून गन, दोन्ही मिळून काम होतं. एकट्यानं कोणाचंच होत नाही.

ठेवायच्या आधी प्लेटवरच्या तारा काढायच्या, मागची पांढरी थर्मल पेस्ट (प्लेटची उष्णता बल्बच्या अंगात नेणारं मलम) पुसायची. नाहीतर ती जळून वास मारते आणि प्लेट टेकत नाही.

क्रम असा बसला: प्लेट ठेवा, मनात नव्वद मोजा, सोल्डर चमकायला लागलं की मेलेला दाणा चिमट्यानं उचला, त्या जागी टोकाएवढी पेस्ट, नवा दाणा ठेवा, चिमट्यानं हलकं दाबा. तो आपोआप सरकून जागेवर बसतो, वितळलेलं सोल्डर त्याला ओढून घेतं. लगेच प्लेट पक्कडीनं उचलून कोरड्या विटेवर ठेवायची. पाणी मारायचं नाही. इस्त्रीवरचा सगळा मुक्काम दोन-अडीच मिनिटांच्या वर नको.

दाण्याची दिशा: कोपरा कापलेला असतो, पण सगळ्या कंपन्यांची खूण एकसारखी नाही. नवा दाणा ठेवायच्या आधी बॅटरीवर लावून पेटतो ती बाजू पाहायची आणि अधिकच्या बाजूला पेनाचा ठिपका द्यायचा. शेजारच्या चांगल्या दाण्याचं अधिक कुठे आहे तेही सुईनं पाहायचं. एक उलटा बसला होता, पुन्हा इस्त्रीवर जावं लागलं.

हात कापतो त्याचं काय? कोपर टेबलावर टेकवायचं आणि मनगट विटेवर. हात हवेत असेल तर चिमट्याचं टोक मिलिमीटरभर डुलतं, टेकला की थांबतं. इस्त्री चालू असताना लहान मुलांना खोलीत येऊ द्यायचं नाही.

आज ड्रायव्हरवाल्यांपैकी सहा झाले. एका दाण्याच्या उरलेल्या पाचांपैकी चारांत नवे ९ व्होल्टचे दाणे बसले. पाचवा ६ व्होल्टचा निघाला, तसला दाणा नव्हता, म्हणून मेला दाणा काढून त्या जागी सोल्डरचा पूल घातला. दोन दाणे मेलेल्या प्लेटमध्ये दोन नवे. तीन तास, मध्ये दोनदा आडवं पडून.

२१ सप्टेंबर

दाण्याच्या जागी नुसता पूल घालायचा की दाणाच बदलायचा? मोबाईलवर सगळे पूल घालून मोकळे होतात. ते कुठे चालतं आणि कुठे नाही ते असं आहे.

ड्रायव्हरवाल्या बल्बात ड्रायव्हर करंट पक्का धरून ठेवतो. बारापैकी एक दाणा कमी झाला तर तो दाब तेवढा कमी करतो, बाकीच्यांवर ताण येत नाही. उजेड बाराव्या हिश्शानं कमी, डोळ्यांना कळतही नाही. एक-दोन दाण्यांपर्यंत चालतं.

डीओबीत गोष्ट वेगळी आहे. २३० व्होल्ट ब्रिजमधून गेले की शिखर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातं. चौदा दाणे गुणिले १८, म्हणजे २५२ व्होल्ट दाणे खातात; वरचं सगळं आयसी स्वतःच्या अंगावर घेऊन तापते. एक दाणा पुलानं काढला की ते १८ व्होल्टही आयसीच्या बोकांडी. ३५ मिलिअँपिअरनं हिशेब केला तर अर्ध्या वॉटहून जास्त उष्णता तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या चिपवर वाढली.

उरलेल्या चार डीओबींवर आज दोन्ही करून पाहिलं. दोघांत दाणे बदलले, ते दुसऱ्या भंगार डीओबी प्लेटवरून इस्त्रीनं उतरवलेले १८ व्होल्टचे. तिसऱ्यात पूल घातला आणि आयसीजवळचे करंट ठरवणारे दोन छोटे रेझिस्टर समांतर होते, त्यातला एक काढला. दोन्ही सारखे असतील तर करंट निम्मा होतो. उजेड कमी झाला पण गोठ्याला पुरेसा, आणि बल्ब हाताला जेमतेम कोमट. चौथ्यात मुद्दाम नुसता पूल, रेझिस्टरला हात नाही. दोन तासांनी मान चटका देत होती आणि उजेड खाली-वर होत होता. पुढे काय झालं ते २६ च्या नोंदीत.

२२ सप्टेंबर

दाणे चांगले असूनही बिघडलेले आठ.

तीन डीओबी एकाच ओळीतल्या घरांचे आहेत. ऑगस्टच्या वादळात डीपीकडचा न्यूट्रल तुटला त्या रात्री एकाच वेळी गेले. न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी चारशेच्या घरात व्होल्ट शिरू शकतात. प्लेटवर ते वाचता येतं: फ्यूज रेझिस्टर काळा आणि तडकलेला, आयसीच्या पाठीला भोक, ब्रिज मीटरवर चारही बाजूंनी शॉर्ट. व्होल्टेजनं उडालेला बल्ब असा दिसतो. नुसता एक दाणा मेलेला असेल तर व्होल्टेजला शिव्या देऊ नका. हे तीन दुरुस्त करण्यात अर्थ नाही, दाण्यांसाठी ठेवले. कालचे दोन दाणे यातलेच. एकाचं झाकणही कामी आलं.

चौथा डीओबी लुकलुकत होता. ४०० व्होल्ट ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुकलेला. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, तो सुकल्याचा पुरावा. एका मेलेल्या ड्रायव्हरमधून तसाच काढून लावला, पट्टे गेले. कंडेन्सरला हात लावण्याआधी त्याच्या दोन पायांवर १० किलोओहमचा रेझिस्टर पक्कडीनं दोन सेकंद धरायचा. लाईन काढल्यावरही त्यात भरलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडू नये.

ड्रायव्हरवाल्या चारांपैकी एकात नुसती टोपीची वायर सुटलेली होती. पाच मिनिटांत झाला. खरं तर सगळ्यात आधी हेच पाहायला हवं होतं, फुकटची दुरुस्ती दहा दिवस थांबली.

उरलेले तीन ड्रायव्हर मेलेले, प्लेटा चांगल्या. आणि तव्यावर भाजलेल्या दोन प्लेटांचे ड्रायव्हर चांगले! दोन जोड्या लावल्या. एक लगेच बसली. दुसरी लावली तर बल्ब सेकंदाला दोनदा लागून विझतो. ड्रायव्हर बारा दाण्यांच्या, १०८ व्होल्टच्या प्लेटचा होता. नवी प्लेट नऊ दाण्यांची, दाणे ६ व्होल्टचे, सगळे मिळून ५४. एवढ्या खालच्या दाबावर तो ड्रायव्हर चालतच नाही. सध्या बाजूला ठेवला, जुळणारी प्लेट मिळाली तर पाहू.

२४ सप्टेंबर

काल विश्रांती. आज झाकणं चिकटवणं. ट्यूब उघडायचा कंटाळा म्हणून पहिल्या दोन झाकणांना झटपट चिकटणारा गोंद लावला. तासाभरात दोन्ही झाकणांना आतून पांढरी भुकटी धरली, जशी काच धुरकट होते तशी. त्या गोंदाची वाफ आत अडकते आणि बसते. पुसून सिलिकॉन लावलं. सिलिकॉन चार ठिकाणी थेंब थेंब पुरतं, पूर्ण गोल लावलं तर पुढच्या वेळी उघडणार कसं? रात्रभर सुकू द्यायचं.

प्लेट परत बसवताना मागे थर्मल पेस्ट लावायला विसरू नका. विसरलं तर दाणा लवकरच पुन्हा मरेल. नवी पेस्ट नव्हती, म्हणून भंगार बल्बांच्या प्लेटांमागची खरवडून वापरली. सुकी नसेल तर चालते.

२५ ते २७ सप्टेंबर

रोज चार तास जाळून पाहणं. न लुकलुकणारे सगळे, ८ ड्रायव्हरवाले आणि ५ डीओबी, असे १३ घरातल्याच होल्डरांत आळीपाळीनं. टिनाखालच्या खोलीत मुद्दाम दुपारी. चार तासांनी स्विच बंद करून मानेला हात लावायचा: पाच सेकंद ठेवता आला तर ठीक.

२६ ला नुसता पूल घातलेला डीओबी गेला, आयसी फुटलेली. रेझिस्टर काढलेला भाऊ त्याच्याच शेजारी निवांत चालू होता. बाकीचे बारा टिकले.

२८ सप्टेंबर

हिशेब. खोलले २१, चालू १२: ड्रायव्हरवाले ८, डीओबी ४. वॉरंटीवाले दोन दुकानदारानं बदलून दिले. खर्च ७२० रुपये आणि एक तवा. वेळ साडेएकवीस तास, वहीतल्या रोजच्या आकड्यांची बेरीज. बारा नवे बल्ब ८० च्या भावानं ९६० ला पडले असते. म्हणजे सुटले २४० रुपये, तासाला अकरा. काकाजींचं म्हणणं पैशाच्या बाजूनं खरं आहे. पण ७२० मधले साडेचारशेहून जास्त हत्यारांचे आणि ट्यूबचे, ते पुढच्या खेपेला लागणार नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर क्रम असा ठेवीन: वॉरंटी, टोपीच्या वायरी, तीन नव्या बॅटऱ्या, इस्त्री. तवा नाही. डीओबीला पूल नाही, दाणाच बदलायचा, किंवा पूल घातला तर रेझिस्टर काढायचाच.

डब्यात ९ व्होल्टचे नवे ४४ दाणे उरलेत. १८ चे ४० भंगार प्लेटांवरच ठेवलेत, लागतील तेव्हा उतरवायचे. लुकलुकणारी जोडी खुंटीला टांगली आहे. सोमवारपासून सोयाबीनची सोंगणी. काकाजींनी काल जाता जाता तीन बल्ब पिशवीत आणून ठेवले, म्हणाले, “नाही झाले तं राहू दे.” २४, २५, २६ असे नंबर टाकून ठेवले आहेत.